शंकेच्या फळीवरचे तीन साप

१२ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. ते आमच्या पहारेकऱ्याचं आहे. माझी आधीची चार पत्रं तू न उघडता परत पाठवलीस, म्हणून या वेळी ही लबाडी केली. आता उघडलंच आहेस तर वाच. माफीबिफी मागायला लिहीत नाहीये, ती त्या चार पत्रांत होती. बातमी द्यायला लिहितेय, आणि ती तुझ्या सापांची आहे.

तिघंही सुखरूप आहेत. म्हणजे मेलेलेच, पण सुखरूप. संग्रहालयाच्या तळघरात शेवटच्या कपाटात सगळ्यात खालची फळी आहे ना, ज्यांच्या लेबलाबद्दल शंका आहे असे नमुने ठेवायची, तिथं बरणीच्या गळ्याला लाल दोरा बांधून बसलेत. दर वर्षी त्यांचं स्पिरिट मी बदलते. तेवीस वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही.

गेल्या सोमवारी आमच्याकडे एक मुलगी आली. बेटांवरच्या सापांचे वंश शोधायचं काम करते. वय सव्वीस, आवाज पन्नास जणांचा. तळघरात सगळे तिला टिटवी म्हणतात, आणि तिलाही ते चालतं. आल्या आल्या म्हणाली, "मावशी, मला तुमची वाईट चालीची पोरं दाखवा. शंकेची फळी."

मी तुझी बरणी काढली. तिनं लेबल वाचलं, तारीख वाचली, आणि बरणी खाली न ठेवता विचारलं, "हा माणूस कोण?"

म्हटलं, माझा भाऊ. मग तिला सगळं सांगितलं. तू तेव्हा इथला नमुने गोळा करणारा, मी नोंदी ठेवणारी हंगामी नोकर. त्या खडकाळ बेटावरून तू तीन करडे साप आणलेस आणि म्हणालास की हे किनाऱ्यावरच्या सापांसारखे दिसतात, पण ते नव्हेत. सरांनी, म्हणजे तेव्हाच्या संचालकांनी, त्यांच्या पुस्तकात आधीच छापलं होतं की त्या बेटावर एकही साप नाही. म्हणून त्यांनी चौकशी बसवली, आणि तू किनाऱ्यावरचे साप पकडून खोटं लेबल लावलंस असा निकाल दिला. तू राजीनामा टेबलावर ठेवलास आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेलास. पुढं पाच वर्षांनी बेटावर दिव्याचा मनोरा बांधला, आणि त्यानंतर तिथं साप दिसले. तेव्हा सर म्हणाले, ते बांधकामाच्या लाकडातून आले असणार.

"पण ही बरणी तर मनोऱ्याच्या आधीची आहे!" टिटवी केवढ्यानं ओरडली. पहारेकरी धावत खाली आला.

तिला तुझ्या सापांचा तपास करायचाय. थोडासा तुकडा कापावा लागेल, आणि त्यासाठी परवानगी लागेल. मिळाली की कळवते.

धाकटी


३ फेब्रुवारी

दादा,

पत्र परत आलं नाही. म्हणजे एक तर तू वाचलंस किंवा टपाल हरवलं. मी पहिलं धरून चालते.

परवानगी मिळाली! पण सरळपणे नाही. आत्ताचे संचालक माणूस म्हणून वाईट नाहीत, फक्त नियमाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांच्या पायात गोळे येतात. ते म्हणाले, "शंकेच्या नमुन्याला कात्री लावता येत नाही. लेबल खरं आहे असं कुणी सांगू शकेल का? तुमच्या भावाला बेटावर नेणारा बोटवाला तर कधीच वारला."

यात आणखी एक भानगड आहे. वन खात्यानं ठरवलंय की बेटावरचे साप फार थोडे उरलेत, दोनशेच्या आत, आणि आपसांतल्या पैदाशीनं त्यांचं रक्त पातळ होत चाललंय. मनोऱ्याच्या लाकडातून आलेल्या दोन-चार सापांचीच ती सगळी पिल्लावळ, असं ते धरून चाललेत. म्हणून पावसाळ्यानंतर किनाऱ्यावरचे साठ साप नेऊन तिथं सोडायचे. "रक्त ताजं करायचं," असं त्यांच्या कागदात लिहिलंय. टिटवी संचालकांच्या बैठकीत टेबलावर हात आपटून म्हणाली, "ते खरंच वेगळे असतील तर ही मदत नव्हे, हे दुधात पाण्याचा टँकर सोडणं आहे. एकदा मिसळले की पुन्हा वेगळे काढता यायचे नाहीत."

शेवटी एका व्यक्तीनं उठून सांगितलं की लेबल खरं आहे. तुला बेटाच्या खडकावरून पाण्यात उडी टाकताना, गळ्यात पिशवी बांधून पोहत येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणून.

संचालकांनी कोरा कागद पुढं सरकवला. मग म्हणाले, "हे सहीनिशी लिहून द्याल? चौकशीच्या वेळी ही माहिती लपवली असं होतं. त्याचं पुढं काय होईल ते माझ्या हातात नाही." त्या व्यक्तीच्या निवृत्तीला चौदा महिने उरलेत. पण लिहून दिलं.

आता गंमत ऐक. फॉर्मॅलिनमध्ये घातलेल्या नमुन्यातून डीएनए काढणं म्हणजे दगडातून तेल काढणं. त्याचा पार चुरा झालेला असतो. पण त्या फेरीत तुझा फॉर्मॅलिनचा डबा बोटीत लवंडला होता, आठवतं? म्हणून तू साप नुसत्या स्पिरिटात घातलेस. सरांनी चौकशीत तोही गुन्हा धरला होता. "नमुना टिकवायची साधी अक्कल नाही," असं म्हणाले होते. टिटवीनं काल त्यातल्या एकाच्या काळजाचा तांदळाएवढा तुकडा काढला आणि दुपारी जिन्यावरून नाचत आली. "मावशी, तुमच्या भावाचा हलगर्जीपणा मला द्या, मी फ्रेम करून लावते! कालच्यासारखा ताजा डीएनए आहे!"

खूप दिवसांनी तळघरात मी मोठ्यानं हसले.

धाकटी


२८ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचा निरोप आला. (तिच्यावर रागावू नकोस. ती दर वर्षी मला दोन ओळी लिहिते, तुला न सांगता. तू शाळेच्या प्रयोगशाळेत सामान सांभाळतोस आणि पोरं तुला घाबरतात, हे मला तिच्याचकडून कळलं.) ती म्हणते, तू माझी दोन्ही पत्रं खिशात घेऊन फिरतोस आणि मधेच म्हणतोस, "बोटवाला वारला, मग साक्ष दिली कुणी?"

तुला ठाऊक आहे कुणी दिली. त्या बोटीत आपण तिघंच होतो.

आता लिहितेच. मला बोट लागली होती. ओकून ओकून मी तळाशी पडले होते. लाटांमुळं बोट बेटाला लावता येईना, म्हणून तू पोहत गेलास. दोन तासांनी बोटवाला म्हणाला, "आला बघा तुमचा दादा," आणि मी मान वर केली. तू खडकावर उभा होतास, गळ्यात पिशवी. उडी मारलीस. वर आलास तेव्हा तुझ्या ढोपरातून रक्त येत होतं. पिशवीची गाठ सोडून तू माझ्यापुढं धरलीस आणि म्हणालास, "हात लाव, घाबरू नकोस, बिनविषारी आहेत." मी हात लावला. तो साप माझ्या मनगटाभोवती फिरला. थंड होता, आणि त्याची चामडी खरखरीत होती.

चौकशीत सरांनी बोटवाल्याला बोलावलंच नाही, आणि मला दोनच प्रश्न विचारले. "बेटावर उतरलात का?" नाही. "साप पकडताना पाहिलंत का?" नाही. दोन्ही उत्तरं खरी होती. तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि मी तोंड उघडलं नाही. तू समोरच्या खुर्चीवर होतास. माझ्याकडे बघत होतास. मी शाईच्या दौतीकडे बघत होते.

आठ दिवसांनी मला कायम केलं. आईला मी सांगितलं, योगायोग. आईनं मान डोलावली, पण त्यानंतर माझ्या नोकरीबद्दल ती कधी कुणापाशी कौतुकानं बोलली नाही. ती गेली तेव्हा तू आलास, उभ्याउभ्या, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेलास. बरोबरच केलंस.

हे लिहून झालं. आता खरी बातमी.

मी बेटावर जाऊन आले! टिटवीला जिवंत सापांचे नमुने हवे होते आणि बरोबर यायला कुणी तयार नव्हतं. या वयात पुन्हा बोट लागली, सगळं पोटातलं बाहेर आलं, पण उतरले. आता मनोऱ्यापाशी पायऱ्या आहेत. वर गेलं की गुडघाभर खुरटं गवत, पक्ष्यांच्या विष्ठेनं पांढरे झालेले दगड, आणि दर दगडाखाली पाली. दगड उचलायचा, आणि तिथं ते! किनाऱ्यावरच्यांपेक्षा लहान, हातभरसुद्धा नाहीत, आणि इतके शांत की पळतच नाहीत. पळायचं कुणापासून, तिथं त्यांना खाणारं कुणी नाही. सहा दिवसांत चौदा साप हातात घेतले, प्रत्येकाच्या पोटावरच्या एका खवल्याचा कोपरा कापून घेतला आणि होते तिथं सोडून दिले. दगडांच्या फटींतून एकतीस काती मिळाल्या. कातीतूनही डीएनए निघतो म्हणे. टिटवी म्हणाली, "मावशी, तुम्ही आधी हे काम का नाही केलंत? तुमचे हात यासाठीच आहेत."

मी म्हटलं, हे हात माझ्या भावानं शिकवलेत.

धाकटी


१९ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड आलं. "शेपटीखालचे खवले ४१ ते ४४ भरायला हवेत. तपास." एवढंच! ना मायना, ना सही. तळघरातल्या सगळ्यांना मी ते दाखवलं. पहारेकरी म्हणाला, "बाई, यात हसण्यासारखं काय आहे?" त्याला कसं सांगू?

तपासले. चौदाही सापांचे, सोडण्याआधी काढलेल्या फोटोंवरून. सगळ्यात कमी ४१, सगळ्यात जास्त ४४. किनाऱ्यावरचे ५० च्या पुढं. तू कुठल्या अंधारात बसून, कुठलं भिंग लावून मोजले होतेस कुणास ठाऊक, पण एकही चुकला नव्हता.

आता खाली बस. बसलास का?

काल सकाळी साडेदहाला निकाल आला. टिटवीनं मला प्रयोगशाळेत बोलावलं. भिंतीएवढा कागद होता, त्यावर सापांचा वंशवृक्ष. किनाऱ्यावरच्या चाळीस सापांची एक दाट फांदी होती, डहाळ्यांवर डहाळ्या. दुसरी फांदी लांब, एकटी, शेंड्याला जुडी. ती बेटाची. टिटवीनं माझं बोट धरलं आणि त्या जुडीत टेकवलं. तिथं तीन लाल ठिपके होते.

"हे कोण?" मी विचारलं.

"तुमच्या बरणीतले," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "बरोबर मधोमध बसलेत, मावशी. सख्ख्या घरात असल्यासारखे."

तुझे साप बेटाचेच, दादा. खोट्याला जागाच नाही. आणि ते कुणाच्या लाकडातून आलेले नाहीत. समुद्राचं पाणी चढलं आणि टेकडीचं बेट झालं, तेव्हा जे वर राहिले त्यांची ही पिल्लं. टिटवी म्हणते नऊ हजार वर्षं, हजारभर इकडं-तिकडं. तू चौकशीत "हे फार जुने रहिवासी आहेत" म्हणाला होतास आणि सगळे हसले होते. मीही त्या खोलीत होते.

अजून एक, आणि हे सगळ्यात मोठं. बेटावरच्या सापांत विविधता खरंच नगण्य आहे. किनाऱ्यावर दोन साप घेतले तर जेवढा फरक, तेवढा आख्ख्या बेटात मिळून नाही. सगळी भावकीच. पण तुझ्या तेवीस वर्षांपूर्वीच्या सापांतही ती तेवढीच होती! म्हणजे ती कमी होत चाललेली नाही. नऊ हजार वर्षं ते तेवढ्याच शिदोरीवर जगलेत, त्यातली वाईट दुखणी केव्हाच गळून गेलीत, आणि ठणठणीत आहेत. त्यांना कुणाचं ताजं रक्त नकोय. हे सिद्ध करायला जुना साप लागतो, आणि त्या बेटाचा जुना साप जगात फक्त आपल्या बरणीत आहे.

लाल दोरा मी आज सकाळी कात्रीनं कापला. परवानगी मागितली नाही.

धाकटी


६ जून

दादा,

काल फोनवर आपण दोघंही नीट बोललो नाही. तू खाकरत होतास आणि मी नुसतं हं हं करत होते. म्हणून लिहिते.

साठ सापांचा निर्णय घ्यायच्या कालच्या बैठकीला सभागृह भरलं होतं. वन खात्याचे लोक, विद्यापीठाचे लोक, आणि पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत सर. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. कानाला यंत्र, पण नजर तीच. टिटवीनं पाऊण तास सगळं मांडलं. एकदाही ओरडली नाही, मला तर ओळखू येईना. शेवटी सरांनी हात वर केला आणि तिला नाही, मला विचारलं:

"तू तेव्हा बोटीत होतीस. मला का नाही सांगितलंस?"

माझ्या ओठांवर आलं होतं, तुम्ही विचारलं नाहीत. तेवीस वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलेय. पण समोर दोनशे माणसं होती आणि पडद्यावर तुझे तीन लाल ठिपके. मी म्हटलं, "भ्याले होते, सर. नोकरी हवी होती. माझा भाऊ खरं बोलत होता आणि मला ते माहीत होतं."

सरांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या पुस्तकातली यादी चुकली." आणि जरा वेळानं, "माणूस ओळखायलाही चुकलो. लिहून घ्या, दोन्ही लिहून घ्या." आत्ताच्या संचालकांनी ते खरंच लिहून घेतलं. तुझ्यावरचा जुना निकाल रद्द झाल्याचा कागद त्याच दुपारी सहीनिशी निघाला. मूळ प्रत तुझ्याकडे येतेय, जपून ठेव. माझ्याबद्दल ठरलंय की कागदावर ताकीद द्यायची. एक ओळीची आहे. मी ती तीनदा वाचली आणि मला इतकं हलकं वाटलं की पहारेकऱ्याला दोन वेळा चहा पाजला.

साठ साप सोडायचा बेत मोडला! एकमतानं. बेटावर बाहेरचा एकही साप जाणार नाही आणि मनोऱ्याला सामान नेणाऱ्या बोटीची आधी झडती होणार.

आणि मग टिटवीनं तुला फोन लावून रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. बाकी सोड, पण तू जे शेवटी सांगितलंस ते मी तिला सांगितलं तेव्हा ती खुर्चीवर चढली. खरंच चढली. पिशवीत चार होते! चौथीच्या पोटात अंडी होती म्हणून उडी मारायच्या आधी तू तिला दगडाखाली सोडून दिलंस, आणि चौकशीत "किती साप पाहिले" विचारल्यावर तीन सांगितलेस, कारण चार म्हणाला असतास तर त्यांनी तिला आणायला माणूस पाठवला असता. बाकी सगळं खरं सांगून स्वतःची नोकरी घालवलीस, आणि खोटं बोललास ते तेवढ्या एका मादीसाठी!

टिटवीला विचारलं, आत्ताच्या सापांतले कुणी तिची नातवंडं-पतवंडं असतील का? ती म्हणाली, "शास्त्रानं सांगता येत नाही." मग खुर्चीवरूनच म्हणाली, "पण दोनशे साप आणि तेवीस वर्षं, मावशी. नसतील असं मी तर छापणार नाही."

ती नव्या सापाला तुझं नाव देणार आहे. लॅटिनमध्ये तुझं नाव फारच भारदस्त दिसतं. नको म्हणू नकोस, अर्ज गेलाय.

पावसाळा ओसरला की, ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेला बोट ठरवली आहे. वहिनीला घेऊन ये. गुडघ्यांची सबब चालणार नाही, पायऱ्या सत्तावीसच आहेत, मी मोजल्यात. दगड मी उचलेन. तू फक्त सांग, तिला कुठल्या दगडाखाली सोडलं होतंस.

तुझी बहीण